घसा दुखतोय, नाकही दुखतंय: थांबायचं, तपासायचं की लगेच निघायचं?

घसा दुखायला लागला की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती दुखतोय?' नाक वाहायला लागलं की, 'शेंबूड पांढरा की पिवळा?' निर्णय घ्यायला दोन्ही प्रश्न फारसे उपयोगाचे नाहीत. साध्या व्हायरल सर्दीतही पहिले दोन-तीन दिवस आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येऊ शकतं. उलट स्वरयंत्राच्या कर्करोगाची सुरुवात कित्येकदा नुसत्या बसलेल्या आवाजाने होते, दुखत काहीच नाही. रंगाचं म्हणाल तर शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे. व्हायरस असो वा बॅक्टेरिया, त्या पेशी येतातच. त्यामुळे केवळ रंग बघून अँटिबायोटिक सुरू करण्यात काही अर्थ नाही.

त्यापेक्षा तीन गोष्टी बघाव्यात: किती दिवस झाले, दुखणं एका बाजूला आहे की दोन्ही, आणि जोडीला काय आहे. पुढची सगळी तुलना याच तीन गोष्टींवर उभी आहे.

व्हायरल घसा की स्ट्रेप?

घसादुखीत सगळ्यात जास्त वेळा अडायला होतं ते इथे. बहुतेक घसे व्हायरसमुळेच दुखतात. 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' या बॅक्टेरियाचा वाटा मोठ्या माणसांत साधारण ५ ते १५ टक्के, तर मुलांत २० ते ३० टक्के. म्हणजे मोठ्या माणसाने घसा दुखतोय म्हणून गोळ्या मागितल्या, तर दहातल्या आठ-नऊ वेळा त्या गोळ्यांना मारायला समोर काही नसतंच.

फरक कसा कळतो? व्हायरल घसा एकटा येत नाही. नाक गळतं, शिंका येतात, खोकला असतो, आवाज बसतो, कधी डोळेही लाल होतात. स्ट्रेपचा घसा अचानक धरतो: सकाळी ठीक आणि संध्याकाळी ताप, गिळताना कळ, डोकं दुखणं. मुलांमध्ये पोटदुखी आणि उलटीसुद्धा असते. खोकला आणि वाहणारं नाक मात्र सहसा नसतं.

१९८१ साली सेंटर नावाच्या डॉक्टरांनी यासाठी चार खुणांचा हिशेब मांडला, तो आजही वापरात आहे. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, खोकल्याचा अभाव, मानेच्या पुढच्या बाजूला दुखणाऱ्या गाठी, आणि टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे ठिपके किंवा साय. प्रत्येकाला एक गुण. पुढे यात वयाची भर पडली: ३ ते १४ वर्षं असेल तर एक गुण जास्त, ४५ किंवा पुढे असेल तर एक कमी. गुण शून्य किंवा एक आला तर तपासणीचीही गरज नाही. दोन-तीन आले तर तपासणी करून ठरवावं. चार आले तरी तो स्ट्रेपच असेल अशी खात्री नाही, निम्म्याच्या आसपास शक्यता असते एवढंच.

टॉर्च घेऊन घरी बघायचं असेल तर नेमकं काय बघायचं ते माहीत हवं. तोंड मोठं उघडून 'आ' म्हणायला लावा, चमचा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागापर्यंतच दाबा, मागे नेलात तर उमळून येईल. मधोमध पडजीभ लोंबते, तिच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल. नुसता लालसरपणा काहीच सांगत नाही, दुखणारा प्रत्येक घसा लाल असतो. टाळूवर बारीक लाल टिपके दिसले तर स्ट्रेपचा संशय वाढतो. पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसली तर पुढचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टॉन्सिलवर करडा, चिकट पापुद्रा असेल आणि लसीकरण अपुरं असेल तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते. तो पापुद्रा खरवडायचा नाही, रक्त येतं. आणि तोंड उघडत नसेल, लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर चमचा हातातही घेऊ नका.

रॅपिड टेस्ट की कल्चर?

स्ट्रेप ओळखायच्या या दोन तपासण्या. दोन्हींत घशावरून कापसाची काडी फिरवतात. रॅपिड टेस्टचा निकाल काही मिनिटांत मिळतो. ती पॉझिटिव्ह आली तर भरवशाची, पण निगेटिव्ह आली तरी काही खरे रुग्ण तिच्यातून निसटतात. कल्चरमध्ये काडीवरचे बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढवून बघतात. त्याला एक-दोन दिवस लागतात, निसटणारे कमी. म्हणून मुलाची रॅपिड निगेटिव्ह आली तर कल्चर करून घेण्याची पद्धत आहे. मोठ्या माणसात सहसा त्याची गरज पडत नाही, कारण स्ट्रेपनंतर येणाऱ्या आणि हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या संधिवाती तापाचा धोका त्या वयात फार कमी असतो.

'तोवर कल्चरसाठी दोन दिवस घालवायचे?' असं वाटणं साहजिक आहे. घालवा. अँटिबायोटिकने घसादुखी जेमतेम एक दिवस लवकर थांबते. ते द्यायचं मोठं कारण वेगळं आहे: हा संधिवाती ताप टाळणं. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी तो टळतो. त्यामुळे निकालाची वाट बघण्यात नुकसान नाही, पण दिलेला कोर्स अर्धवट सोडण्यात आहे. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन असेल तर तो सहसा १० दिवसांचा असतो. मागच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्या घेणं हा तर सगळ्यात वाईट पर्याय, आजारही जात नाही आणि नंतरच्या कल्चरचा निकालही बिघडतो.

साधा व्हायरल घसा आणि स्ट्रेप या दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा असतो, विशेषतः पंधरा ते पंचविशीच्या वयात: एपस्टाइन-बार व्हायरसचा ग्रंथीज्वर. टॉन्सिलवर स्ट्रेपसारखीच साय, ताप, पण मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी आणि थकवा असा की उठवत नाही. स्ट्रेप समजून अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं आणि लोक त्याला आयुष्यभर पेनिसिलिनची ॲलर्जी समजतात. याची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लक्षणं टिकली तर ती पुन्हा करावी. प्लीहा सुजलेली असू शकते, तेव्हा धक्काबुक्कीचे खेळ किमान तीन-चार आठवडे बंद.

सर्दी, सायनस की ॲलर्जी?

इथे निर्णय दिवसांवर होतो.

साध्या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास कळसाला पोचतो आणि सात ते दहा दिवसांत उतरतो. खोकला तेवढा मागे रेंगाळतो. गालांत, कपाळात जडपणा या काळातही असतो, कारण सर्दीत सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं, अस्तरही सुजतंच. बॅक्टेरियाचा सायनस म्हणायचं ते तीन प्रसंगी: दहा दिवस उलटूनही उतार नाही; सुरुवातीलाच ३९ अंशांच्या वर ताप, घट्ट पू आणि चेहऱ्यात दुखणं, सलग तीन-चार दिवस; किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागलं आणि मग पुन्हा उलटलं. तिसरा प्रकार फार बोलका असतो. आणि मोठ्या माणसांत सर्दीनंतर बॅक्टेरियाचा सायनस होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या पुढे जात नाही.

ॲलर्जीत दुखत नाही, खाजतं. नाक, डोळे, टाळू, कानाच्या आतही खाज. पाण्यासारखं नाक, एकामागून एक शिंका, ताप नाही. घसा दुखतो तो नाक चोंदल्यामुळे रात्रभर तोंडाने श्वास घेऊन कोरडा पडल्याने. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी. असं चित्र दरवर्षी त्याच ऋतूत किंवा त्याच खोलीत दिसत असेल तर अँटिबायोटिकचा विचारही मनात आणू नये.

अजून एक बहुरूपी आहे, मायग्रेन. वारंवार येणारं 'सायनसचं डोकं', ज्यात ताप नाही, पू नाही, पण उजेड सहन होत नाही आणि मळमळतं, ते बऱ्याचदा मायग्रेन निघतं. त्यातही नाक चोंदतं आणि डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून गल्लत होते.

एकाच गालात दुखणं आणि त्याच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर आधी वरच्या दाढेकडे बघा. दाढेच्या मुळाचा संसर्ग सायनसमध्ये शिरतो आणि दात दुरुस्त होईपर्यंत कुठलाच कोर्स लागू पडत नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर बहुतेक वेळा आत काहीतरी घातलेलं असतं. ती वस्तू बटण बॅटरी असण्याची शंका असेल तर ती काही तासांत आतला पडदा जाळते, म्हणून तडक हॉस्पिटल.

दुखणं नाकपुडीच्या तोंडाशी असेल तर

नाकाचं टोक चिमटीत धरल्यावर कळ येते? मग सायनसचा संबंध नाही. केस उपटल्याने, नाकात बोट घातल्याने किंवा सर्दीत सारखं पुसल्याने नाकपुडीच्या दाराशी स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियाचा संसर्ग होतो. खपली धरते, पुळी येते. मलम लावून बहुतेकदा बरं होतं. ती पुळी पिळायची मात्र नाही. इथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांना जोडलेल्या आहेत. नाक लाल होऊन सूज गालावर किंवा डोळ्याकडे सरकली, ताप आला, तर थांबू नये. मधुमेह आटोक्यात नसलेल्या माणसाला चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं, सूज आणि नाकात काळी खपली दिसली तर म्युकरमायकोसिस या घातक बुरशी-संसर्गाची शंका येते, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

चोंदलेलं नाक उघडणारा स्प्रे पाच दिवसांच्या पुढे वापरला तर नाक त्याच्याशिवाय उघडेनासं होतं. कित्येकांचा 'जुनाट सायनस' हा त्या बाटलीचाच प्रताप असतो.

तीन आठवडे झाले, घसा सुटत नाही

इथे संसर्ग मागे पडतो. जेवणानंतर किंवा सकाळी सारखं खाकरावंसं वाटणं, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं, ताप अजिबात नाही, असं असेल तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता. छातीत जळजळ असलीच पाहिजे असं नाही. दम्याचा स्टेरॉइड इनहेलर घेऊन चूळ न भरणाऱ्यांना घशात बुरशी होते, पांढरे डाग दिसतात. मानेच्या पुढच्या भागाला बोट लावलं तरी दुखत असेल तर दुखणं घशाचं नसून थायरॉइडचं असू शकतं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं, एकाच कानात ठणका पण कान तपासला तर चांगला: यांतलं एकही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर त्याच आठवड्यात. घशाचा आणि कानाचा मज्जातंतू सामायिक असल्याने घशातलं दुखणं कानात जाणवतं.

लगेच निघायचं ते कधी

श्वास घेताना आवाज येतोय, लाळ गिळता येत नाही म्हणून गळतेय, पुढे वाकून बसल्याशिवाय बरं वाटत नाही. किंवा एका बाजूला भयंकर दुखतंय, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज येतोय. पहिल्यात श्वासनलिकेच्या झाकणाची सूज, दुसऱ्यात टॉन्सिलमागचा गळू. झाकणाच्या सुजेत टॉर्चने घसा जवळपास नॉर्मल दिसतो. इतकं दुखतंय आणि दिसत काहीच नाही, हीच तिथे धोक्याची खूण आहे.

यात एक गट सहज विसरला जातो. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला ताप येऊन घसा दुखला तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. औषधाने त्या संपत आल्या असतील तर घसादुखी हे पहिलं लक्षण असतं.

तज्ज्ञाकडे गेल्यावर: एक्स-रे, सीटी की दुर्बीण?

ताज्या सायनससाठी एक्स-रे किंवा सीटी मागून घेऊ नका. साध्या सर्दीतही सीटीत सायनस भरलेले दिसतात, त्यामुळे त्यातून काही ठरत नाही. १२ आठवड्यांहून जुना त्रास, वारंवार उलटणारा आजार, डोळ्याला सूज किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा सीटी खरी कामाची. ॲलर्जीची शंका असेल तर त्वचेवर टोचून करायची चाचणी की रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची तपासणी? पहिलीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळतो, पण तिच्या आधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात. गोळ्या थांबवणं जमत नसेल किंवा त्वचेचाच आजार असेल तर रक्ताची बरी.

माझ्या मते रेंगाळलेल्या नाक-घशासाठी सगळ्यात जास्त सांगून जाते ती नाकातून घालायची बारीक दुर्बीण. स्वरयंत्रापर्यंतचं सगळं ती थेट दाखवते, जे टॉर्चला कधीच दिसत नाही. आधी नाकात बधिर करणारा फवारा मारतात, दोन-चार मिनिटं विचित्र वाटतं, दुखत फारसं नाही. बधिरपणा उतरेपर्यंत, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो.