खासदार की आमदार : खान्देशातला प्रश्न कोणाकडे न्यावा?

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार असून त्यांपैकी चौघे जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या खान्देशी मतदारसंघांतून निवडून जातात. विधानसभेच्या २८८ जागांपैकी मात्र २० जागा जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ होत असल्याने आमदार साहजिकच गावाला जवळचा असतो, आणि पाटाचे पाणी, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय हे राज्याच्या अखत्यारीतले प्रश्न त्याच्याकडेच न्यावेत. भुसावळची रेल्वे किंवा केळीची निर्यात यांसाठी खासदारच हवा. धुळे लोकसभा मतदारसंघात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आणि बागलाणही येतात. त्यामुळे तेथील खासदाराला दोन जिल्ह्यांना वेळ द्यावा लागतो, ही अडचण मला फार मोठी वाटते.