परदेशात ट्रेडमार्क: माद्रिद की थेट त्या-त्या देशात?

एका मित्राचा प्रश्न होता, ब्रँड बाहेर न्यायचाय, माद्रिदमधून (एकाच अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची आंतरराष्ट्रीय पद्धत) जाऊ की प्रत्येक देशात वेगळा अर्ज टाकू? एजंट लोक काय म्हणतात ते सोडा.

खर्च बघितला तर माद्रिदला एकच अर्ज, एकच भाषा, बेसिक फी 653 स्विस फ्रँक (रंगीत लोगो असेल तर 903) आणि वर प्रत्येक देशाची वेगळी फी. देश चार-पाच असतील तर स्वस्त पडतं, पण एखाद्या देशाने आक्षेप काढला की तिथला वकील धरावाच लागतो. थेट अर्जात वकील बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून.

टिकाऊपणात मात्र माद्रिदची गोची आहे, पहिली 5 वर्षं सगळं तुमच्या मूळ देशातल्या मार्कवर लटकलेलं असतं, तो पडला की बाहेरचेही पडतात. मग 3 महिन्यांत ते राष्ट्रीय अर्जात बदलून घेता येतात, पण पुन्हा फी भरून! थेट अर्जाला ही भानगडच नाही.

रिन्युअल माद्रिदचं सोपं, दर 10 वर्षांनी एकदाच. तैवान मात्र त्यात नाही, तिथे थेटच.

मूळ मार्क पक्का आणि देश बरेच असतील तर माद्रिद. एक-दोनच देश, किंवा घरच्या मार्कवरच वाद चालू असेल तर थेट जा.