अंतर चोख, तास अंदाजपंचे: विमान-अंतराचं कॅल्क्युलेटर आठ महिने वापरून

ऑफिसातल्या लोकांचे दौरे आखायचं काम गळ्यात पडलं, तेव्हापासून दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं एक फुकट कॅल्क्युलेटर मी वापरतोय. आठ महिने झाले.

अंतराबाबत तक्रार नाही. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके साधारण ५,५५० किलोमीटर दाखवतं, ते बरोबर आहे. नकाशावरची रेघ मात्र उत्तरेकडे फुगलेली दिसते. मला आधी तो बिघाडच वाटला. मग ग्लोबवर दोरा ताणून बघितला, तर तो तसाच वर चढून गेला. मैलांचा आकडा मी आता बघतच नाही. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ चा, आणि इथे नुसतंच ‘मैल’ लिहिलंय.

खरी गंमत तासांची. चार-पाच जोड्या टाकल्यावर हिशेब कळला: अंतराला ताशी ८५० ने भागायचं आणि वर अर्धा तास ठेवून द्यायचा. त्यामुळे लंडन–न्यूयॉर्क जाताना सात तास, येतानाही सातच. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना वेळापत्रकात आठेक तास असतात आणि परतताना सातच्या आसपास. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम एका दिशेला ढकलतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. वारा ही चीजच या कॅल्क्युलेटरच्या गावी नाही.

बंद आकाशाचंही तेच. हेलसिंकी–टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर, उत्तर पावणेदहा तास. २०२२ पर्यंत हे खरंही होतं. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यापासून त्याच प्रवासाला तेराच्या घरात तास लागतात, कारण विमान लांबून वळसा घालतं. कॅल्क्युलेटर अजून सायबेरियावरूनच नेतंय.

नावाने शोधत असाल तर जपून. मी ‘सिडनी’ टाइप करून यादीतलं पहिलं नाव निवडलं आणि लंडनपासून जेमतेम ४,३०० किलोमीटर अंतर आलं. तो कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा सिडनी निघाला! ऑस्ट्रेलियातला १७,००० किलोमीटरवर आहे. तेव्हापासून तीन अक्षरी कोडच टाकतो: एसवायडी ऑस्ट्रेलियाचा, वायक्यूवाय कॅनडाचा.

आता मी इथून फक्त किलोमीटर घेतो आणि तासांसाठी विमान कंपनीचं वेळापत्रक उघडतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळही धरलेला असतो.

पोचण्याची तारीख कॅल्क्युलेटर दाखवत नाही, आणि यात मी स्वतः आपटलो. टोकियोहून होनोलुलूला रात्री नऊचं विमान, सातेक तासांचा प्रवास, म्हणून सहकाऱ्याचं हॉटेल मी दुसऱ्या दिवसापासून घेतलं. होनोलुलू टोकियोच्या १९ तास मागे आहे. गडी निघाला त्याच तारखेला सकाळी तिथे हजर! लॉबीत बॅगेवर बसून त्याने मला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘आज वार कोणता रे?’’