वायरशिवाय स्क्रीन टीव्हीवर: मिराकास्ट की क्रोमकास्ट?

विंडोज लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर वायरशिवाय दाखवायची असेल, तर मिराकास्ट वापरावे की क्रोमकास्ट (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावायचे गूगलचे छोटे उपकरण, म्हणजे डोंगल; त्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले), हे ठरवताना चित्राच्या दर्जापेक्षा आपण ते कुठे वापरणार याचा विचार आधी करावा, असे मला वाटते.

मिराकास्ट हे वायफाय अलायन्सचे २०१२ सालचे मानक. त्यात लॅपटॉप आणि टीव्ही थेट जोडले जातात, मध्ये राउटर लागत नाही. मात्र लॅपटॉपचे वायफाय कार्ड आणि ग्राफिक्स या दोहोंचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, त्याला अनुकूल असावे लागतात. डीएक्सडायग हे विंडोजमधले तपासणीचे साधन चालवून माहिती फाइलमध्ये साठवली की तीत मिराकास्टची ओळ सापडते. तिथे ‘अव्हेलेबल’ असेल तर लॅपटॉपची बाजू भक्कम आहे. वायफाय कार्ड नसलेला, केवळ लॅन केबलवर चालणारा डेस्कटॉप मात्र इथे बाद होतो. क्रोमकास्टला त्याची अडचण नाही. क्रोम ब्राउझर हवा आणि दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर हवीत, एवढे पुरते. मॅकवरूनही ते चालते, जिथे मिराकास्टची सोय नाही.

माझा कल ठरला तो या ‘एकाच नेटवर्क’च्या अटीमुळे. व्याख्यानांसाठी मला निरनिराळ्या सभागृहांत जावे लागते आणि पाहुण्यांसाठीच्या वायफायवर सुरक्षिततेपोटी एक उपकरण दुसऱ्याला दिसू दिले जात नाही, असा अनुभव वारंवार येतो. लॅपटॉपवर इंटरनेट व्यवस्थित चालत असते, पण कास्टच्या यादीत डोंगलचे नाव काही येत नाही. त्यातून वायफायने मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला, तर ते लॉगिनचे पान डोंगलवर उघडणार कसे? मोबाइलचा हॉटस्पॉट हा उपाय आहे. परंतु त्यासाठी डोंगलची जोडणी गूगल होम या ॲपमधून नव्याने करावी लागते, हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरूनच ती जमेल याची खात्री नसते, आणि तळघरातल्या सभागृहात तर फोनला रेंजच नसते. श्रोते येऊन बसलेले असताना ही खटपट फार जड जाते.

मिराकास्टमध्ये विंडोज आणि के ही बटणे दाबून नाव निवडले की काम होते. शिवाय टीव्ही दुसरी स्क्रीन म्हणून वापरता येतो, त्यामुळे टिपणे माझ्यासमोर आणि स्लाइड श्रोत्यांसमोर राहते. माउस किंचित मागे रेंगाळतो, आणि वायफायच्या गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चित्र अडखळू शकते, हे मान्य करायला हवे. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर ही सोय बंद केलेली असू शकते, तेही आधी पाहून घ्यावे.

घरी मुख्यतः चित्रपट पाहायचे असतील, तर क्रोमकास्ट कदाचित अधिक सोयीचे ठरेल, कारण कास्टचे बटण असलेल्या सेवांचा व्हिडिओ टीव्हीच्या बाजूने थेट इंटरनेटवरून घेतला जातो. बाहेर जाऊन काही दाखवायचे असेल, तर मी मिराकास्टचा डोंगल सुचवेन. त्याला वीज यूएसबीतून लागते आणि जुन्या प्रोजेक्टरचे यूएसबी पोर्ट तेवढी देईलच असे नाही, म्हणून मोबाइलचा चार्जर आणि लांब केबल सोबत ठेवावी.