त्वचेचं ७० पट मोठं मॉडेल: शिकवणाऱ्यांनी घ्यावंच

नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी हेच वापरते. केसाच्या मुळाशी तिरका चिकटलेला बारीक स्नायू इतका स्पष्ट दिसतो की अंगावर काटा का येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. स्नायू आखडतो, केस उभा राहतो. रक्तवाहिन्या बाह्यत्वचेत नाहीत, अंतस्त्वचेतच आहेत, हेही अचूक दाखवलंय. अगदी वरवर खरचटलं तर रक्त का येत नाही, ते मुलींना लगेच कळतं. घामग्रंथींची वेटोळी तर सुरेखच! पण बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं आणि उन्हापासून वाचवणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशी दाखवलेल्याच नाहीत. उन्हापासून रक्षण शिकवताना त्या मला फळ्यावर काढाव्या लागतात. एवढ्या चांगल्या कामात ही उणीव फार खटकते. रंग पक्के आहेत, स्पिरिटने पुसले तरी जात नाहीत.