सॉलिड टॉप गिटार ठाण्याच्या हवेत: उन्हाळा, पावसाळा आणि थंडीनंतरचा अनुभव

निकाल आधी सांगते. वीस-पंचवीस हजारांपर्यंत अकूस्टिक गिटार घेणार असाल तर सॉलिड टॉपच, म्हणजे जिची वरची फळी थर चिकटवून न करता सलग लाकडाची असते तीच घ्या. आणि ठाण्यात किंवा खाडीपलीकडे नवी मुंबईत राहत असाल तर तिच्यासाठी दोन सॅडल (फळीवर तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) करून ठेवा, एक पावसाळ्याचं आणि एक उरलेल्या वर्षाचं. गिटार फेब्रुवारीत घेतली, आता डिसेंबर चालू आहे. म्हणजे तिने मे महिन्यातला घाम, जुलैची ओल, ऑक्टोबरचं ऊन आणि सध्याची कोरडी हवा असं सगळं पाहिलं आहे. त्याआधी लिहिलं असतं तर ते फक्त दुकानातल्या आवाजाबद्दल झालं असतं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या किमतीच्या कुठल्याही सॉलिड टॉप गिटारीला लागू आहे. माझी ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल, आकाराची आहे. वरची फळी सिटका स्प्रूसची, पाठ आणि बाजू महोगनीच्या, फिंगरबोर्ड आणि ब्रिज (फळीवरचा लाकडी तुकडा, ज्यात सॅडल बसतं) शिसवीचे. हा आकार मार्टिन कंपनीने १९२९ च्या सुमारास आणला. ड्रेडनॉट हा त्याच कंपनीचा मोठा आणि घुमणारा आकार. नुसतं जोरात स्ट्रमिंग करायचं असेल तर ड्रेडनॉटला तोड नाही, पण मला गाणाऱ्या माणसाला साथ करायची असते. ड्रेडनॉटचा खर्ज गळ्यावर चढून बसतो. ओएमची कंबर बारीक, पोट आटोपशीर, त्यामुळे खर्ज, मध्य आणि तार तिन्ही सारखे ऐकू येतात. शिवाय सोफ्यावर बसून वाजवताना उजवा खांदा वर उचलावा लागत नाही. चाळिशीनंतर हे फार महत्त्वाचं आहे.

नवी असताना आवाज जरा बांधलेला होता. एप्रिल संपेपर्यंत तो मोकळा झाला. वाजवून वाजवून लाकूड खुलतं की नाही यावर वाजवणाऱ्यांत कायम वाद होतात. माझ्या कानांना फरक स्पष्ट जाणवला, विशेषतः डी आणि जी तारांवर.

आता पावसाळा.

लाकूड ओल शोषतं तेव्हा ते रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ बदलत नाही. गिटारची वरची फळी आतून पट्ट्यांनी चिकटवलेली असते, म्हणून तिला आडवं पसरायला जागा नसते आणि ती ब्रिजच्या मागे पोटासारखी वर येते. ब्रिज वर आला की तारा वर जातात. लॅमिनेट फळीत थर एकमेकांना आडवे असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून स्वस्त गिटारीला हा त्रास कमी होतो. सॉलिड टॉपच्या आवाजाची ही किंमत आहे आणि मी ती आनंदाने मोजते.

माझ्या गिटारीची ॲक्शन, म्हणजे बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) तार किती उंच आहे ते, मार्चमध्ये जाड ईला २.४ मिलिमीटर आणि बारीक ईला १.८ होती. सुरेख. जुलैच्या मध्यावर जाड ई ३ मिलिमीटरवर गेली. आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण बारे, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरताना मनगटाला लगेच कळतो. वरच्या, म्हणजे बाराव्याजवळच्या, फ्रेट्सवर स्वरही वर चढतात, कारण तार दाबून खाली नेताना ती जास्त ताणली जाते. आपल्याला वाटतं ट्यूनिंग बिघडलंय, ट्यूनर मात्र मोकळी तार बरोबर दाखवतो.

नौपाड्यात एक काका गिटारी, मेंडोलिन, व्हायोलिन दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं ते ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आतली धातूची सळई, फिरवतील. त्यांनी पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबली, सातव्या फ्रेटवरची फट पाहिली आणि म्हणाले, "नेक सरळ आहे गं, त्याला कशाला हात लावायचा? रॉड नेकचा बाक काढायला असतो, तार खाली आणायला नाही." ती फट पाव मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे हवी तशीच. मग मी सॅडल घासायला सांगितलं, तर त्यालाही नकार. "आत्ता घासून देतो, तू खूश होशील. जानेवारीत फळी खाली बसली की तारा खणखणायला लागतील, तेव्हा काय करशील? मूळ सॅडल तसंच ठेव. पावसाळ्यासाठी मी दुसरं देतो."

एवढ्या एका सल्ल्यासाठी मी त्या काकांची ऋणी आहे. त्यांनी हाडाचं एक सॅडल करून दिलं, मूळच्यापेक्षा एका मिलिमीटरने बुटकं. हिशोब सोपा आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडलवर एक मिलिमीटर कमी करावा लागतो. जाड ई २.५ वर आली आणि गिटार पुन्हा हाताला लागली. मूळ सॅडल प्लास्टिकचं होतं. पुढे काकांनी त्याच उंचीचं हाडाचंही करून दिलं, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी होताच मी ते चढवलं. बदलायला सोपं आहे: तारा सैल करायच्या, सॅडल खाचेतून वर ओढायचं, दुसरं बसवायचं. फक्त त्याची बाजू उलटी होऊ द्यायची नाही, कारण बी तारेखाली स्वर जुळवण्यासाठी वेगळा उतार दिलेला असतो. दोन्ही सॅडल आणि मजुरी मिळून जो खर्च आला त्यात चांगल्या तारांचे तीन सेटसुद्धा आले नसते.

हाड घातल्यावर आवाजात फरक पडला का? पडला. तारेचा स्वर जरा जास्त वेळ टिकतो आणि बारीक ईचा कचकचीतपणा कमी झाला. अर्थात नव्या तारांनी जेवढा फरक पडतो तेवढा नाही.

ओल सांभाळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे परदेशी सल्ला आपल्याला उलटा लागू पडतो. थंड देशांत घरं गरम ठेवतात, हवा कोरडी पडते, म्हणून तिथले लोक गिटारच्या पोटात ओला स्पंज ठेवायला सांगतात. आपल्याकडे जुलैत ते केलं तर गिटारचं वाटोळं होईल. अकूस्टिक गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आमच्या कोलशेतच्या घरात पावसाळ्यात भिंतीवरचा मापक ८५ च्या खाली उतरायला तयार नव्हता. मी एक छोटा डिजिटल मापक गिटारच्या बॅगेत ठेवला आणि सोबत सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या. बॅगेतला आकडा साठ-पासष्टवर स्थिरावला. आदर्श नाही, पण बाहेरच्यापेक्षा कितीतरी बरा. नारिंगी दाणे घ्या. ओल शोषून रंग बदलला की वापरातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा पहिल्यासारखे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नकोत.

एसीच्या खोलीत गिटार ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. एसी अखंड चालू राहणार असेल तर जरूर ठेवा. रात्री चालू आणि सकाळी बंद असं असेल तर लाकूड रोज फुगणार आणि आकसणार. त्यापेक्षा बंद बॅग बरी. गिटार भिंतीला टांगलेली मलाही आवडते, पण जून ते सप्टेंबर ती हौस बाजूला ठेवा. पावसाकडची भिंत तर अजिबात नको.

तारा. फेब्रुवारीत डॅडॅरिओचा फॉस्फर ब्रॉन्झ १२-५३ सेट लावला (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). आवाज अप्रतिम, भरलेला. लाइट म्हणतात तरी अशा सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, आणि ओलीने मऊ झालेल्या फळीला तो चांगलाच वर खेचतो. म्हणून पावसाळ्यात ११-५२. ताण कमी, फळीवर भार कमी, आणि भावगीतात एखादा स्वर किंचित हलवायचा असेल तर बोटांना जोर लागत नाही. खाडीच्या हवेत साध्या तारा फार लवकर काळवंडतात आणि बोटांना खरखरीत लागतात. लेप दिलेल्या एलिक्सर तारा महाग आहेत, पण त्यांच्या एकाच सेटने अख्खा पावसाळा काढला. माझी पसंती आता पक्की आहे: पावसाळ्यात लेपाच्या ११, हिवाळ्यात साध्या १२. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायच्या, हे मात्र बाराही महिने.

माझ्या वापरातला सगळ्यात आनंदाचा भाग कॅपोचा, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याचा. आमच्याकडे गाणं पेटीच्या पट्टीत मोजतात. आई भजनी मंडळात गाते, तिची पट्टी काळी चार. नवऱ्याची काळी एक. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला आणि जी पट्टीतल्या कॉर्डचे आकार धरले की काळी चार मिळते. कॅपो तिथेच ठेवून सीचे आकार धरले की काळी एक. म्हणजे दोघं आलटून पालटून गायले तरी कॅपो हलवावा लागत नाही. शेजारच्या काकू काळी पाचमध्ये गातात, त्यांच्यासाठी जीचेच आकार आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. पेटीवर बसणाऱ्या मित्राला मी "पहिल्यावर जी" म्हटलं की तो काळी चार पकडतो. गिटारवर साथ करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे कोष्टक एकदा पाठ करावं. कॅपो फ्रेटच्या अगदी लगत लावा, नाहीतर तारांचे स्वर वर चढतात. आणि गिटार पेटीवरून मिळवा, ट्यूनरवरून नाही. पेटीचे स्वर पक्के असतात, ती आपल्याकडे येणार नाही. आपणच तिच्याकडे जायचं.

घोडबंदर रोडला एका मित्राच्या घरी आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी जमतो. तिथे प्रत्येकाची गिटार हातोहात फिरते आणि प्रत्येकाची आवड किती वेगळी ते कळतं. ऐरोलीहून येणारा एक जण ड्रेडनॉटवर १३-५६ लावतो आणि सगळं अर्धा स्वर खाली उतरवतो. त्याचा हात भारी आहे, हलक्या तारा त्याच्या स्ट्रमिंगखाली फडफडतात. निवृत्त झालेले एक काका नायलॉनच्या तारांची क्लासिकल वाजवतात: ५२ मिलिमीटरचा रुंद नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर उंच. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा बोटं हरवल्यासारखी झाली. पण त्या उंचीमुळेच त्यांचा अंगठा तारेत खोल जातो आणि स्वर गोल येतो. कळव्याच्या एका कॉलेजातल्या मुलाची इलेक्ट्रिक ९-४२ तारांवर, दीड मिलिमीटरवर. तिला पावसाळा फारसा कळलाच नाही, कारण तिला पोकळ पोट नाही. फक्त मेपलचा नेक थोडा वाकला आणि ट्रस रॉड पाव फेरा फिरवून सरळ झाला. माझी २.४ त्याला उंच वाटते आणि काकांना खाली. तिघंही बरोबर आहेत. ॲक्शनचा आकडा हातावरून ठरतो, म्हणून कुणाचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

बाकी गोष्टी थोडक्यात. ट्यूनिंगच्या किल्ल्या बंदिस्त आहेत, गंज नाही, सैलपणा नाही. सोबत मिळालेली बॅग पातळ होती आणि ऑगस्टमध्ये तिच्या अस्तरावर बुरशी धरली. जाड अस्तराची दुसरी घेतली. लोकलने जाणार असाल तर हा खर्च टाळू नका. पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला देणारा, गिटारमध्येच बसवलेला भाग) मुद्दाम घेतला नाही, तेवढे पैसे लाकडात गेलेले बरे. सोसायटीच्या गणपतीत वाजवलं तेव्हा माईक आवाजाच्या भोकासमोर न ठेवता बाराव्या फ्रेटकडे, वीतभर अंतरावर ठेवला. घुमारा आला नाही, तारांचा आवाज स्वच्छ गेला.

शेवटी, घ्यायला जाणाऱ्यांसाठी. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्येच दुकानात जा. लाकूड तेव्हा सगळ्यात फुगलेलं असतं, जे काही वर यायचं ते आलेलं असतं. सोबत लांब स्टीलची पट्टी न्या आणि फ्रेट्सवर उभी ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं तर नेकचा कोन चांगला आहे. कडेच्या बरंच खाली, ब्रिजच्या अंगावर आपटलं तर आवाज कितीही आवडला तरी ती गिटार ठेवून द्या. सॅडल घासून तो दोष जात नाही. नेक काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि त्या कामाला या किमतीच्या गिटारीएवढाच खर्च येऊ शकतो.