गोव्याच्या अंगणात फॉक्सग्लोव्ह की एंजेलोनिया?

इंग्लिश कॉटेज गार्डनचे फोटो बघून फॉक्सग्लोव्हच्या त्या जांभळ्या घंटा आपल्याही दारात हव्यात असं वाटत असेल तर मी हसणार नाही, मी दोन वर्षं तेच केलंय. डिचोलीत, चिऱ्यांच्या गडग्याला लागून, जिथे फक्त सकाळचं ऊन येतं तिथे.

दिसण्यात फॉक्सग्लोव्हच पुढे, हे आधीच मान्य. चार-पाच फूट उंच, खालून वर उमलत जाणारं, घंटेच्या आत ठिपके. एंजेलोनिया दीड-दोन फुटांवर थांबतो आणि फूल नखाएवढं. कूळ मात्र दोघांचं एकच, आपलं इसबगोलही त्यातलंच.

माझं डोकं फिरलं ते कॅलेंडरपायी. साधं फॉक्सग्लोव्ह पहिल्या वर्षी नुसती पानं काढतं, मग काही आठवडे चांगली थंडी खाल्ली की पुढच्या वर्षी फुलांचा दांडा, निलगिरीत ते जमतं, आमच्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा विसाच्या आसपास. म्हणून मी त्याचंच 'फॉक्सी' नावाचं वाण आणलं, ते थंडीसाठी अडून बसत नाही, पहिल्याच वर्षी फुलतं, पण पेरल्यापासून साधारण पाच महिन्यांनी. आता हिशेब करा. बी धुळीसारखं, उजेड लागतो म्हणून मातीने झाकायचंही नाही, पावसाळ्यात पेरलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात (माझा अख्खा ट्रे गेला), म्हणजे चवथीनंतर पाऊस ओसरला की ऑक्टोबरात पेरायचं आणि फूल कधी, तर मार्चमध्ये! पेरणी मागे ओढावी तर पाऊस, पुढे ढकलावी तर ऊन. सहा रोपांतून एकालाच गुडघ्याएवढा दांडा आला, गावात शिगम्याचे ढोल वाजत होते तेव्हा खालच्या तीन घंटा उमलल्या, दुपारी त्याने मान टाकली आणि वरच्या कळ्या तशाच वाळल्या. पुढच्या वर्षी वर शेडनेट बांधलं, दांडे दोन आले, गत तीच.

त्यात पानं मोठी, लवदार. शेजारची काकी म्हणाली, "तंबाखू कित्याक लायला रे?" हसलो खरा, पण झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, हृदयाचं औषध डिजॉक्सिन त्याच्याच एका जातभाईपासून काढतात. घरात रांगणारं मूल किंवा मोकळी गुरं असतील तर दोनदा विचार करा.

एंजेलोनियाची बोटभर फांदी त्याच काकीकडून आणली, खालची पानं काढून ओल्या रेतीत खोचली, पंधरा-वीस दिवसांत मुळं. भर मे महिन्यात, आपल्याला बाहेर उभं राहवत नाही तेव्हा हा फुलतोय. तक्रार नाही असं नाही, जुलैत तो लांबुडका होऊन लोळतो आणि पाणी साचलं तर कुजतो, म्हणून मी कुंड्या पडवीत ओढतो आणि पावसानंतर निम्मा छाटतो.

तुमच्याकडे वेगळं जमेलही, सावली, माती, हात सगळंच वेगळं. निव्वळ उंचीच हवी असेल तर गुलखैरा लावून बघा, त्याचं बी निदान चिमटीत तरी येतं. माझं फॉक्सीचं अर्धं पाकीट अजून फ्रिजमध्ये आहे, कोणी महाबळेश्वरला राहत असेल तर खुशाल घेऊन जा.